एकदा उजवीकडं, दोनदा डावीकडं

लग्न होऊन आले तेव्हा या घरात सासूबाई होत्या, दोन खोल्या होत्या आणि मागच्या खोलीच्या आढ्याला दोरीनं टांगलेला एका विमानाचा सांगाडा होता. चांगला माझ्या दोन हातांच्या पसाऱ्याएवढा. पहिल्याच दिवशी तो बघून मी खुदकन हसले. वाटलं, नवऱ्याचं लहानपणचं खेळणं असेल, आईनं कौतुकानं जपून ठेवलंय.

सासूबाई म्हणाल्या, "हसू नकोस. सवत आहे ती तुझी. तुझ्याआधी आलीय."

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, मागावर विणणारे लोक. घरात तेलुगू बोलायचो. इथं सगळे मराठीत बोलताना दिसतील, तेवढी लबाडी चालवून घ्या. याहून मोठ्या लबाड्या पुढं आहेत आणि त्या सगळ्या माझ्या आहेत.

यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे बोळातली एक फळी, दोन स्टूल आणि पोट उघडून ठेवलेले दहा-बारा रेडिओ. माणूस कमी बोलणारा. कधी बोललाच तर विमानाबद्दल. ते नुसतं भिरकवायचं विमान नव्हतं. त्याला खरं इंजीन बसणार होतं, तेलावर चालणारं, आणि खाली जमिनीवर उभं राहून रेडिओच्या लहरींनी त्याला वळवता येणार होतं. ती पेटी आणि विमानाच्या पोटातला छोटा रेडिओ यांनी स्वतःच जुळवला होता. लहरी सोडायच्या परवान्याचं काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. ती मी तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला हसायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. यांचे डोळे जात होते. समोरचं स्वच्छ दिसायचं. केसाएवढ्या तारेला सोल्डर लावताना हात हलायचा नाही. पण कडेचं सगळं मिटत चाललं होतं. कागदाची पुंगळी करून तिच्यातून बघावं, तसं. एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही पुंगळी अरुंदच होत जाणार, यावर औषध नाही, पाच-सात वर्षं धरून चाला. हे त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मनाशी एवढंच ठरवलं होतं की पुंगळी पुरेशी रुंद आहे तोवर हे विमान पुरं करायचं, आपल्या हातानं उडवायचं आणि वर गेलेलं आपल्या डोळ्यांनी एकदा बघायचं. बाकीचं मग बघू.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझा नवरा वेंधळा आहे.

आणि वेंधळा नवरा ही मला देवानं दिलेली करमणूक वाटली! वीस वर्षांची होते. माहेरी सहा भावंडांत थट्टामस्करीवर वाढलेली, आणि इथं दिवसभर सासूबाई आणि भिंती. मग मी काय करायची, तर यांच्या ताटाच्या अगदी डाव्या अंगाला पाण्याचा तांब्या ठेवायची. हे समोर शोधायचे, उजवीकडं हात फिरवायचे, आणि मी पदराआड हसत बसायची. कधी वाटेत पाट ठेवायची. कधी बाजूला उभी राहून श्वाससुद्धा घ्यायची नाही, आणि हे "अगं, कुठं गेलीस?" म्हणून मला हाका मारायचे. मी हातभर अंतरावर! काही बघायचं झालं की हे नुसते डोळे फिरवत नसत, अख्खी मान वळवायचे. त्याची नक्कल मी नळावर बायकांना करून दाखवायची. बगळ्याची म्हणून ती फार गाजली. बायका घागरी भरायच्या विसरायच्या.

रागावले म्हणाल तर कधी नाहीत. तांब्या सापडला की म्हणायचे, "इथं होता होय." बस. आता वाटतं, एकदा जरी खेकसले असते तर मी विचारलं असतं, की अहो, तुम्हाला खरंच दिसला नाही का? पण तो माणूस मला माझी गंमत करू देत होता. त्या गमतीआड त्यांनाही लपायला जागा मिळत होती, हे फार उशिरा कळलं.

सायकल होती घरात, चांगली. माझ्या लग्नानंतर तीन महिन्यांनी तिला कुलूप लागलं. "चेन तुटलीय" म्हणाले. मी बघितली, चेन धडधाकट होती. मी नळावर सांगितलं, आमच्या ह्यांना पायडल मारायचा कंटाळा येतो.

इंजीन आलं तो दिवस आठवतो. यांचा एक मित्र जहाजावर नोकरीला होता, त्यानं परदेशातून आणून दिलेलं. मोसंबीएवढं. मला वाटलं होतं, मोटारीसारखं काहीतरी येईल. मी म्हटलं, "एवढंसं? याच्यानं मिरच्या तरी वाटल्या जातील का?" हे ते तळहातावर घेऊन बसले होते, जत्रेत मिळालेल्या पाखरासारखं. म्हणाले, "ऐक तर खरं एकदा."

त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल म्हणून एक स्पिरिट असतं, ते आणि एरंडेल. एरंडेलाची बाटली यांनी सासूबाईंच्या फडताळातून उचलली. ती संपल्यावर औषधांच्या दुकानातून दुसरी आणली, मग तिसरी. सासूबाई दारात उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "एवढं पोट कुणाचं बिघडलंय या घरात?"

नवं इंजीन एकदम विमानात बसवत नाहीत. आधी ते कशाला तरी घट्ट आवळून तासन्‌तास चालवायचं, म्हणजे ते मोकळं होतं. यांनी अंगणात जुन्या स्टुलावर आवळलं. वरच्या बाजूला बॅटरीची वायर लावायची आणि पुढच्या लाकडी पंख्याला बोटानं झटका द्यायचा. पहिल्या दिवशी चाळीस झटके दिले असतील, इंजीन नुसतं थुंकत होतं. आणि मग एकाएकी पेटलं. कानाशी गांधीलमाशी नव्हे, गांधीलमाश्यांचं मोहोळ फुटल्यासारखा आवाज! यांचं बोट फाटलं, रक्त लागलं, पण हात मागं घ्यायचं भान नाही. बोळातली माणसं माळवदावर चढली. न जळलेलं एरंडेल बारीक तुषारांनी मागं उडत होतं आणि सासूबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर बसत होतं. त्यांनी यांना काही म्हटलं नाही. मला म्हणाल्या, "तू का हसतेस? धुवायचं तुलाच आहे."

मी त्या कामात शिरले ती पंखांमुळं. पंखांच्या फासळ्या तयार होत्या, त्यांवर तलम कापड ताणून चिकटवायचं होतं. यांनी एका पंखावर दोनदा चिकटवलं, दोनदा काढलं. सुरकुत्या पडायच्या. समोरची कड जुळवली की बाजूची सुटायची, आणि ती सुटलेली यांना कळायची नाही. मी बघत होते. शेवटी मला राहवेना.

"व्हा बाजूला. मागावर जन्मलेय मी. कापड कसं ओढायचं ते मला सांगू नका."

"इथं मागावरचा जोर करशील तर फासळी मोडेल."

"तुमची नाही ना मोडत?"

तेवढ्यावर हसले. माझा बाप मागावर बसायचा, मी ताण्याखाली रांगलेली पोर. सूत कुठं ढिलं आहे ते बोटाला कळायचं. पिवळी मलमल आणली, तिचा ताणा, म्हणजे उभं सूत, पंखाच्या लांबीनं धरला, ओलसर करून कडेनं चिकटवत गेले. वरून डोप नावाचं पातळ रोगण द्यायचं असतं. त्याचा वास असा की सासूबाईंनी दोन दिवस चूल अंगणात मांडली. पण ते वाळलं आणि कापड असं तडतडून आवळलं की टिचकी मारली तर डफावर पडल्यासारखी वाजली. यांनी पंखावरून सावकाश तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाले, "मला हे जमलं नसतं."

महिनाभर मी जमिनीला पाय लावला नाही. पंख मी केले, पंख मी केले, म्हणून बोळात सांगत सुटले. विमान यांनी केलं, हे विसरूनच गेले.

आता ते वळायचं कसं, तेवढं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शेपटीला एक हलतं पातं होतं. विमानाच्या पोटात ते फिरवायला पिळलेलं रबर. जमिनीवरच्या पेटीला वायरीनं जोडलेलं एक बटण. बटण एकदा दाबून धरलं की पातं उजवीकडं, दोनदा दाबून धरलं की डावीकडं, सोडलं की सरळ. बस, एवढंच. वर-खाली करायला काही नाही, इंजीन बंद करायला काही नाही. तेल संपेपर्यंत ते उडणार, आपण नुसतं वळवायचं. आणि बटण फार वेळ दाबून धरलं तर ते गोल गोल घेत नाक खाली करून जमिनीत घुसणार. "म्हणून ते कुठं आहे आणि तोंड कुणीकडं आहे, हे सारखं बघत राहावं लागतं," हे मला समजावून सांगायचे. सारखं बघत राहावं लागतं. दहा वेळा सांगितलं असेल. मी जांभया दिल्या.

लांबून लहर पोचते का ते बघायला मी विमान उचलून बोळाच्या टोकाला जायचं, यांनी दारातून बटण दाबायचं, आणि पातं ज्या बाजूला वळेल तो हात मी वर करायचा, असं ठरलं. मी काय केलं असेल? उजवीकडं वळलं की डावा हात. डावीकडं वळलं की उजवा. यांनी दोन दिवस पेटी उघडून एकेक जोड पुन्हा सोल्डर केला. तिसऱ्या दिवशी मला दया आली आणि मी सांगितलं. सासूबाई तेलुगूत जे बोलल्या त्याचं मराठी मी करणार नाही. यांनी पेटीचं झाकण पुन्हा लावलं.

"ते वर गेल्यावर असं करू नकोस हं," म्हणाले.

"वर कशी जाईन मी? माझं वजन बघितलंत का?"

माघाचे दिवस होते, सकाळी वारा पडलेला असायचा. होटगीच्या अलीकडं मोठा माळ आहे, तिथं जायचं ठरलं. सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. पेटी, बॅटरी, तेल यांच्याकडं. पंख काढून कागदात बांधलेले. विमानाचं धड चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर. समोर अक्कलकोटकडची एक बाई बसली होती. बराच वेळ चादरीकडं बघून तिनं विचारलं, "लेकरू हाय व्हय?"

मी म्हटलं, "हो. झोपलंय."

"किती म्हैन्याचं?"

"वर्षाचं होईल."

"लई बारीक हाय की गं. अंगावर पाजतीस का न्हाय? तोंड तर दाव."

मी चादर बाजूला केली. इंजीन आणि लाकडी पंखा बघून बाईनं एकदम पाय वर घेतले. मग अशी हसली की डबाभर लोक वळून बघायला लागले. यांच्या दिशेनं बोट करून म्हणाली, "बापावर गेलंय!" हेही हसले. त्या सकाळी यांना सगळ्याचंच हसू येत होतं. असं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

माळावर एक लिंबाचं झाड होतं, उत्तरेला. लांबवर एका धनगराची मेंढरं चरत होती. दुसरं कुणी नाही. यांनी पंख रबरांनी बांधले, विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलून धरलं. नाक जरा वर राहत होतं, तिथं शिशाचा तुकडा कोंबला. आधी इंजीन न लावताच मी पळत जाऊन सोडलं, ते कणसावरून पाखरू उतरावं तसं गवतावर जाऊन टेकलं. दोनदा केलं. मग यांनी तेल भरलं.

"उजवीकडच्या चकरा मारायला लावतो. आपल्यासमोरच ठेवायचं, डोक्यावर येऊ द्यायचं नाही." मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. "तू सोडायचंस. फेकायचं नाही, सोडायचं. आणि मग माझ्याजवळ येऊन उभी राहा."

जवळ कशाला, ते मी विचारलं नाही.

कासोटा खोचून मी पळाले. हातात ते इंजीन किंचाळत होतं, एरंडेल तोंडावर उडत होतं. आणि एका क्षणी मला कळलं की आता ते मला ओढतंय. सोडलं. ते किंचित खाली गेलं, सावरलं, आणि सरळ चढत गेलं. मी धापा टाकत परत आले तर हे मान वर करून उभे, तोंड उघडं, आणि बोलत होते, "गेलं. गेलं बघ. गेलं." बटण एकदा दाबलं. विमान वाकलं, उजवीकडं वळलं. सोडलं, सरळ झालं. पुन्हा दाबलं. त्याच्यामागोमाग यांची मान फिरत होती, माझा बगळा.

तीन चकरा झाल्या असतील. वर वारा होता, खाली आम्हाला लागत नव्हता. प्रत्येक चकरेला ते थोडं थोडं आमच्याकडं सरकत होतं. चौथ्या चकरेला डोक्यावरून गेलं. यांनी गर्रकन मान मागं टाकली, इकडं फिरवली, तिकडं फिरवली.

"कुठं गेलं?"

मला वाटलं, माझी थट्टा चाललीय! एवढं पिवळंधमक विमान, एवढा आवाज, उत्तरेला लिंबाच्या वर निवांत वळतंय, आणि हा माणूस विचारतो कुठं गेलं. म्हटलं, आज तुम्हीपण खेळात आलात का. मग मी कशाला मागं राहू? दक्षिणेकडं हात करून म्हटलं,

"ते काय, होटगीकडं!"

हे अंगासकट तिकडं वळले. "आवाज तर इकडून येतोय."

"वाऱ्यानं तसं वाटतं."

"लांब जातंय का?"

"लांब! ठिपक्याएवढं झालंय."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. मी तो बघत होते, विमान बघतच नव्हते. मला बघायचं होतं की हा माणूस आता कधी हसतो. लांब गेलं तर लहर पोचणार नाही, विमान हातचं जाणार, म्हणून ते आपल्याकडं वळवायला त्यांनी बटण दाबलं आणि दाबून धरलं. पाठीमागं आवाज बदलला. चढत गेला, बारीक झाला, आणि तुटला. मग एक ठप्प. पोतं टाकल्यासारखं.

हे अजून होटगीकडं तोंड करून उभे.

"इंजीन थांबलं का?"

"अहो... पडलं ते."

"कुठं?"

मी बोटानं दाखवलं. हे माझ्याकडं बघत राहिले. "बोलून सांग."

"मागं. लिंबापलीकडं."

"आणि होटगीकडं?"

मला तोंड वर करवेना. "गंमत केली मी."

यांनी पेटी बंद केली, वायर नीट गुंडाळली. आम्ही लिंबाकडं निघालो तर तिकडून धनगर पळत येताना दिसला. म्हातारा माणूस, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा एक पंख. लांबूनच ओरडला, "आवं, मानूस हुतं का आत? बारकं?"

"नाही बाबा," हे म्हणाले. "रिकामं होतं."

"मग ठीक." तो मटकन खाली बसला. "माजा तर जीवच गेला. मेंढरं पार पांगली. म्हनलं, इमान पडलं, आता पोलीस येत्याल, मलाच धरत्याल."

यांनी त्याच्यासमोर बसून विचारलं, "तुम्ही पहिल्यापासून बघत होता?"

"व्हय की. दुसरं काय काम हाय हितं."

"मग सांगा. डोक्यावरून गेलं, त्याच्यापुढचं सांगा."

त्यानं काठी आडवी ठेवली आणि पंखच हातात धरून दाखवायला लागला. "हितनं गेलं न्हवं का, लिंबावर. घार फिरती की, पंक न हलवता? तसं. उनात पिवळं पिवळं दिसत हुतं, लई झाक. मंग जरासं कलतं झालं. मला वाटलं, आता फिरून तुमच्याकडंच येतंय. पन न्हाय. कलतं ते कलतंच ऱ्हायलं. एक गिरकी, दुसरी गिरकी, आनि मुंडी खाली. सरळ. जसं कुनी बोलावलंय खालनं."

हे डोळे मिटून ऐकत होते. मीही ऐकत होते, पहिल्यांदाच, कारण मी तिथं उभी असून मला यातलं काही दिसलं नव्हतं. त्या विमानाचं शेवटचं उडणं अख्ख्या जगात एका धनगरानं पाहिलं.

तो गेल्यावर लिंबाखाली बसून यांनी मला डोळ्यांचं सांगितलं. पुंगळी, डॉक्टर, सायकलीचं कुलूप, सगळं. आवाज चढवला नाही. एखाद्याला रेडिओत काय बिघडलंय ते समजावून सांगतात, त्या आवाजात. मी ऐकता ऐकता तांबे मोजत होते. डाव्या अंगाचे तांबे, वाटेतले पाट. नळावरच्या बायका, त्यांचं हसणं. मला कुठं बघावं ते कळेना.

"मग माझं कशाला ऐकलंत?" मी जवळजवळ भांडलेच. "मी कधी तुम्हाला खरं सांगितलंय का? एकदा तरी? कशाला ऐकलंत माझं?"

त्यांनी जरा विचार केला. खरंच विचार केला, टोमणा मारायचा म्हणून नाही.

"दुसरं कोण होतं इथं?" म्हणाले.

मला आजवर पुष्कळ लोक पुष्कळ बोललेत. सासूबाई तर रोजच बोलायच्या. पण तेवढं मला कुणी मारलेलं नाही.

इंजिनाचा दांडा वाकला होता. तसलं दुसरं मिळणं नव्हतं. जहाजावरचा मित्र पुढं कुठल्या कुठं गेला. "पुन्हा करू," असं मी महिनाभर धोशा लावला. पंख मी करते, धड मी करते, तुम्ही फक्त बसून सांगा. पण ते म्हणाले, नको, आता जेवढं दिसतंय तेवढ्यात तुला काम शिकवायचंय. आणि शिकवलं. सोल्डर कसा लावायचा, कुठली तार कुठं जाते, कुठल्या खरखरीचा अर्थ काय. पुंगळी मिटायला पाच वर्षं लागली. तोवर त्या फळीवर दुसऱ्या स्टुलावर मी बसायला लागले होते. लोक म्हणायचे, बाई रेडिओ दुरुस्त करते! हे आवाज ऐकून सांगायचे, हात माझे चालायचे. कुठं चिमटा ठेवलाय, कुठं तांब्या ठेवलाय, ते मी बोलून सांगायची. पोरं झाली, नातवंडं झाली. त्यांना मी अजून फसवते. आजोबांना मात्र त्या दिवसानंतर एकदाही फसवलं नाही. एवढ्यासाठी माझं कुणी कौतुक करू नये. फार स्वस्तात सुटले मी.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

त्या दिवशीची एक गोष्ट राहिली. लिहायची टाळत होते. माळावरून स्टेशनापर्यंत आम्ही चालत आलो, यांचा हात माझ्या खांद्यावर. त्या काळी भर दिवसा नवरा-बायको असे चालत नसत, वाटेत दोन माणसं थांबून बघत राहिली. मी "दगड", "चर", "उजवीकडं काटे" असं सांगत होते. परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. मोडकं विमान त्याच चादरीत, माझ्याच मांडीवर. बराच वेळ गेल्यावर यांनी विचारलं,

"लग्नाच्या आधीच मला थोडं ठाऊक होतं. सांगितलं असतं, तर केलं असतंस?"

तोंडात जीभ असलेली मी. बोळात मला कुणी शब्दात हरवलेलं नाही. सासूबाईंना सात उत्तरं द्यायची, नळावर चौदा. तेव्हा एक शब्द फुटेना. एक 'हो' म्हणायला काय लागतं? इतके दिवस इतकं खोटं बोललेली बाई, एक खोटं जास्त बोलायचं. पण मघाशीच एकदा खोटं बोलून झालं होतं, आणि आता त्यांच्यासमोर ते निघेना. मी खिडकीबाहेर बघत बसले. सोलापूर आलं. गिरण्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या. यांनी विचारलं, "आलं का?" मी म्हटलं, "आलं."

पुढं एवढा संसार झाला, पण तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. विचारला असता तर उत्तर तयार होतं, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी केव्हाही. पण त्यांनी तो आत्ताच्या मला विचारला नव्हता. गाडीत बसलेल्या त्या वीस वर्षांच्या पोरीला विचारला होता. तिला मी चांगली ओळखते. ती नाही म्हणाली असती.

त्यांनीही तिला ओळखलं होतं.